मी कोणत्याही संघटनेत नाही

"परत म्हण," साहेब म्हणाले. "मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

मी परत म्हटलं.

"मी कोणत्याही संघटनेत नाही आणि पुढेही नसेन."

"'नाही'वर जोर दे. पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं. जोर दिला.

जळगावात हायवेलगतच्या एका हॉटेलचा हॉल होता तो. लग्नकार्याचा. खुर्च्यांच्या पाठीला सॅटिनचे मळके बो बांधलेले. मागे जेवण मांडलेलं, शेवभाजीचा वास सुटलेला. आम्ही सगळे वैमानिक गणवेशात. पांढरे शर्ट, खांद्यावर पट्ट्या. माझ्या तीन. म्हणजे सहवैमानिक, उजव्या सीटवरची. साहेब आमच्या विमान कंपनीच्या उड्डाण विभागाचे प्रमुख. स्वतः वैमानिक. त्यांचे वडील वैमानिक, सासरे वैमानिक. आमच्या घरात जशी सायकल असायची तसं त्यांच्या घरात विमान.

त्याआधी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. त्यांनी ते हळूहळू उच्चारून बघितलं.

"शिष्यवृत्तीवर शिकलेली ना तू?"

"हो सर."

"वडील काय करतात?"

"एसटीत ड्रायव्हर होते. धुळे आगार."

"होते म्हणजे?"

"संपात काढून टाकलं."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मग आणखी काहीजण. साहेब हसले नाहीत. ते समजावणीच्या सुरात बोलले, आणि तेच जास्त लागलं.

"म्हणूनच विचारतो. बसवाल्यांच्या सवयी माझ्या कॉकपिटमध्ये नकोत. तुला आकाशात कोणी आणलं? एसटीने की आम्ही?"

उत्तराची वाट न बघता ते पुढे म्हणाले,

"मी लिहून घेणार नाहीये काही. लिहिलं की कागद होतो आणि कागद कोर्टात जातो. आपण आपल्या पद्धतीने करू. रीडबॅक."

आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

हे विमानात न बसणाऱ्याला सांगायला हवं. टॉवरवरून जो हुकूम येतो तो वैमानिकाने शब्दन् शब्द परत म्हणायचा असतो, तोच रीडबॅक. अमुक उंचीवर या. अमुक दिशेला वळा. आपण तेच म्हणायचं, मगच हात हलवायचा. ऐकलं, समजलं, पाळते आहे, असा त्याचा अर्थ. यात चूक झाली की माणसं मरतात. म्हणून ते हाडात मुरवतात. माझ्यात इतकं मुरलं होतं की आई म्हणाली दोन किलो तूरडाळ आण, की मी "दोन किलो तूरडाळ" म्हणायचे आणि मगच पिशवी उचलायचे. घरात हसायचे सगळे.

साहेबांना हे माहीत होतं. आम्हाला विचार करायला वेळच न देता आमच्या तोंडून काय काढता येईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाहेरच्या कोणाला ते जमलं नसतं.

सगळ्यांना नाही उभं केलं. ज्यांचे काका-मामा आधीपासून आकाशात आहेत त्यांना "तू बस रे, तू घरचाच" म्हणाले. उभे राहिलो ते आम्हीच. कोणी चोपड्याचा, कोणी शिरपूरचा. कोणाचं कर्ज बापाच्या नावावर, कोणाचं शिक्षण सरकारी शिष्यवृत्तीवर. आम्ही पडलो तर झेलणारं कोणी नव्हतं, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

आणि हॉलच्या शेवटच्या रांगेत नाना बसले होते.

नाना म्हणजे आमचे सगळ्यांत जुने कॅप्टन. मूळचे मुक्ताईनगरकडचे, घर जळगावात, विमानतळाच्या अलीकडच्या वस्तीत. बाकीच्यांना आम्ही सर म्हणायचो, त्यांना नाना. मला जोरदार आडव्या वाऱ्यात विमान उतरवायला त्यांनी शिकवलं. हात माझ्या हाताशेजारी, पण टेकवायचे नाहीत. "भिऊ नको पोरी, विमानाला उतरायचंच असतं, आपण फक्त मध्ये यायचं नाही," म्हणायचे. नाना वैमानिकांच्या संघटनेचे जुने सभासद. त्याच्या काही दिवस आधी एका सकाळी त्यांनी सांगितलं होतं की विश्रांती पुरी झाली नाही, मी थकलो आहे, आज उडणार नाही. नियमच तसा आहे. थकलेल्याने तसं सांगायचं. संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली, उड्डाण रद्द झालं, आणि त्यानंतर नानांचं नाव वेळापत्रकात आलंच नाही. हॉलमधली ती बैठक त्यासाठीच होती.

"कॅप्टनसाहेबांकडे बघून म्हण," साहेब शेवटी म्हणाले. "त्यांनाही कळू दे."

मी वळले. नानांकडे बघितलं. म्हटलं.

नाना उठले. आपण म्हटलेलं बरोबर असलं की टॉवर जे दोन शब्द बोलतो, तेच दोन शब्द ते बोलले. शांतपणे. माझ्याकडे बघून.

"रीडबॅक करेक्ट."

आणि दार उघडून गेले. मला सोडवून गेले. माझी नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच्या तोंडाने शिक्का मारला. ते दोन शब्द अजून माझ्या कानात आहेत. हेडफोन घातला की आधी ते ऐकू यायचे, मग टॉवर.

खरी गंमत अशी, आणि ही गंमत मला आजही रडवते, की ते वाक्य तेव्हा खोटं नव्हतं. मी खरंच संघटनेत नव्हते. आणि मला तिथे जायचंही नव्हतं.

त्याचं कारण धुळ्यात आहे. मी शाळेत असताना आबांचा संप झाला. आबा म्हणजे माझे वडील. आमच्या गल्लीत एसटीवाले पुष्कळ. सुरुवातीला आगाराच्या फाटकाशी मांडव, घोषणा, चहा, सगळा जत्रेचा थाट. मग हळूहळू मांडवातली माणसं कमी व्हायला लागली. शेजारचे काका कामावर परत गेले. समोरचे गेले. खाकी घालून, आमच्या घराकडे न बघता. शेवटी आबा आणि मोजके दोघं-तिघं राहिले आणि त्यांना काढलं. त्यानंतर आबा शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायला लागले. मोठी बस वळवणारा माणूस, ती डबडी व्हॅन वळवताना स्टिअरिंगवर खूप हात फिरवायचा. मी मागे बसायचे. मला त्या हातांची कीव यायची आणि राग यायचा. संघटनेचा राग. तिने माझा बाप खाल्ला असं मी ठरवून टाकलं.

गावाबाहेर धावपट्टी होती. शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालायची. मला वर जायचं होतं. वर कोणी नसतं. ना मांडव, ना फाटक, ना पाठ फिरवणारे शेजारी. कोणाची नाही आणि कोणावर अवलंबून नाही, यालाच मी स्वातंत्र्य म्हणत होते. म्हणून साहेब जेव्हा म्हणायचे की "इथे प्रत्येक जण स्वतंत्र, प्रत्येकाशी वेगळा करार, मध्ये दलाल नको," तेव्हा मला पटायचं. अगदी मनापासून पटायचं.

मग त्या हॉलमध्ये मला इतकी आग का लागली?

हाच प्रश्न घेऊन मी कित्येक महिने उडले. उत्तर साधं होतं, पण मला ते सापडत नव्हतं. नाही म्हणणं माझं होतं. ते त्यांनी माझ्या तोंडातून ओढून काढलं आणि त्यांचं करून टाकलं. आता मला मनापासून संघटना नको असती, तरी ते माझं उरलं नव्हतं.

त्या दिवसानंतर संघटनेतल्यांनी आम्हाला वाळीत टाकलं. समीर नावाचा एक तरुण कॅप्टन त्यांचा पुढारी. "ज्यांनी नानांसमोर ते म्हटलं, त्यांच्यासोबत चहा घ्यायचा नाही," असा त्याचा हुकूम. कँटीनमध्ये मी बसले की टेबल रिकामं व्हायचं. म्हणजे इकडून साहेब, तिकडून समीर. दोघांनाही माझं तोंड हवं होतं. मी काय विचार करते हे एकानेही विचारलं नाही.

जळगावला उतरताना विमान नानांच्या घरावरून जायचं. संध्याकाळच्या फेरीला नाना गच्चीवर उभे असायचे. चाकं खाली, वेग कमी, खाली वस्ती सरकते, आणि त्या एका गच्चीवर पांढऱ्या बनियनमधला माणूस. हात वर केलेला नाही. हलवतही नाहीत. नुसते बघतात. वैमानिक उडला नाही की त्याचा उडण्याचा हक्क संपत जातो. मग पुन्हा तपासण्या, पुन्हा परीक्षा, आणि त्याला कंपनीच पाठवणार. कंपनी पाठवत नव्हती. नाना खाली उभे राहून स्वतःला जमिनीत मुरताना बघत होते. मी त्यांच्या घरी गेले नाही. जायची हिंमत नव्हती असं नाही, जाऊन काय बोलू ते सुचत नव्हतं.

एके संध्याकाळी गच्ची रिकामी होती.

खाली गल्लीत माणसं होती. खूप. दारापासून वळणापर्यंत, पांढरे कपडे, आणि मध्ये एक मोकळी जागा. क्षणभरच दिसलं. विमान दुसऱ्या कॅप्टनच्या हातात होतं, रेडिओ माझ्याकडे. टॉवरने उतरायची परवानगी दिली. मी ती परत म्हणायची होती. माझी नजर अजून मागे राहिलेल्या गल्लीतच होती. टॉवरवरून पुन्हा विचारलं. कॅप्टनने माझ्याकडे बघितलं. मी परत म्हटलं, सगळं, बरोबर, ओळीने, आणि चाकं टेकली. प्रवासी उतरले. एक बाई म्हणाली, छान उतरवलं हो. मी हसले. मग विमानाच्या मागच्या बाजूला जाऊन ओकले.

झटका आला होता, असं नंतर कळलं. दुपारी जेवण झालं आणि गेले. अंत्ययात्रेला कंपनीच्या वतीने कोणी गेलं नाही. समीर गेला. मी विमानतळावरून गणवेशातच रिक्षा केली, पण पोहोचले तोवर गल्लीत फक्त झाडलेलं अंगण आणि उरलेली फुलं होती. नानांची बायको आत होती. मला बघून म्हणाली, "तुमचं विमान आलं की वर जात होते ते. रोज." आणखी काही नाही म्हणाली.

त्यानंतरही उतरताना मला ते गच्चीवर दिसायचे. आजही सांगते, दिसायचे. दोरीवरचा शर्ट असेल, शेजाऱ्यांचं कोणी असेल. शेजारच्या सीटवरच्याला विचारलं तर तो म्हणायचा, कुठे काय आहे. पण मला ते तिथे, तसेच, हात खाली सोडून दिसायचे. मी डोळे पुढे धावपट्टीवर ठेवायचे, तरी डोळ्याच्या कडेला ते असायचे.

सुट्टी मिळाली तशी मी धुळ्याला गेले. आबांना आमच्या अहिराणीत सगळं सांगितलं. हॉलचंही, नानांचंही. आबा ऐकत राहिले. मग म्हणाले,

"तुले काय वाटस, मन्ही संघटनानी माले सोडं?"

"सोडंच ना."

"नही वं माय. साहेब एकेकले खोलीमा बलाये. दार लाये. तू एकटा शे, तुना मागे कोन शे, आसं म्हने. माणूस खोलीमाईन निंघे आणि दुसरा दिवस कामवर जाये. त्या बठ्ठा घाबरेल व्हतात. मी बी घाबरेल व्हतू."

"मंग तुम्ही काबर गयात नही?"

आबांनी ओट्यावरची धूळ हाताने झटकली. मग म्हणाले, "मन्ही मरजी."

इतकंच. मन्ही मरजी. माझ्या बापाने संघटनेपायी आयुष्य घालवलं असं मी इतकी वर्षं समजत होते. त्याने एक गोष्ट स्वतःच्या मर्जीने केली होती, आणि ती मर्जी अख्ख्या आगाराला विकत घेता आली नव्हती. आणि मी, आकाशात एकटी, स्वतंत्र, मला एका माणसाने एका शब्दात बोलायला लावलं. एकेकट्याला खोलीत घेऊन दार लावतात आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतात, हे मला त्या ओट्यावर बसून कळलं. मी फार चिडले. आबांवर नाही, स्वतःवरही नाही. त्या दारावर.

जळगावला परत आले तेव्हा माझ्या बढतीची वेळ आली होती. उजवी सीट सोडून डावी. चौथी पट्टी. विमान माझं. आमच्या आडनावाच्या मुलीने त्या सीटवर बसावं याची आई किती वाट बघत होती ते मी सांगत नाही.

साहेब आले. विमानतळावरच्या ब्रीफिंगच्या खोलीत नवीन भरती झालेली मुलं बसली होती. साहेबांनी मला पुढे बोलावलं.

"ही धुळ्याची. वडील संपात गेलेले. रक्तातच होतं म्हणा. आता बघा कशी सरळ झाली. पुढच्या महिन्यात कॅप्टन होईल." मग माझ्याकडे वळून, हसत, "ऐकव यांना. मी कोणत्याही संघटनेत नाही आणि पुढेही नसेन. रीडबॅक."

तोंड उघडलं. खोटं कशाला बोलू, सवयीने उघडलंच. पण आमच्या धंद्यात आणखीही एक शब्द शिकवतात, आणि तोही तितकाच मुरवतात. टॉवरचा हुकूम पाळला तर विमान धोक्यात येणार असेल, तर वैमानिकाने तो परत म्हणायचा नसतो. एकच इंग्रजी शब्द बोलायचा, त्याचा अर्थ 'हे मला शक्य नाही'. लाजायचं नाही, विनवायचं नाही. कारण मागाहून.

"अनेबल."

"काय?"

"अनेबल, सर."

मुलांपैकी कोणीतरी श्वास ओढला. साहेबांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

"कारण?"

"मी संघटनेत आहे की नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही. जायचं की नाही, हे तुम्ही ठरवणार नाही."

"तुला कळतंय ना तू काय घालवते आहेस?"

"हो सर. डावी सीट."

मी टोपी उचलली आणि बाहेर आले. शूर वगैरे काही वाटलं नाही. विमानतळाच्या दारात रिक्षावाल्याने विचारलं कुठे जायचं, तर मला पत्ताच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मी समीरला जाऊन सांगितलं की मला सभासद व्हायचंय. तो खूश झाला. खांद्यावर हात ठेवायला आला. म्हणाला, आता येत्या सभेत तू सगळ्यांसमोर माफी माग, नानांसमोर जे बोललीस त्याची, म्हणजे लोकांचा राग जाईल. मग आपल्या घोषणा म्हण.

मी त्याचा हात खाली घेतला.

"माफी मी नानांच्या बायकोजवळ बोलेन, मला वाटलं तर. तुझ्या सभेत नाही. मी सभासद होते आहे ते माझ्या डोक्याने. मत द्यायची वेळ आली की माझा हात मी वर करेन, आणि नको वाटलं तर खाली ठेवेन. चहाच्या टेबलावरून माणसं उठवायचा धंदा बंद कर. चालत असेल तर घे."

समीर म्हणाला, "नानाही असेच भांडायचे माझ्याशी."

घेतलं त्यांनी मला.

तेव्हापासून मी जमिनीवर आहे. माझं नाव वेळापत्रकात नाही. धुळ्यात घरी असते. शिकाऊ विमानं डोक्यावर घिरट्या घालतात आणि मी इंजिनच्या आवाजावरून ओळखते की पोरगं वळताना घाबरलंय. माझा हक्क दिवसेंदिवस झिजतो आहे, नानांचा झिजला तसा. रात्री स्वप्नात मी उतरत असते आणि गच्चीवर नाना नसतात, मी असते. घाम फुटून जागी होते. भीती गेली असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भीती कुठेही जात नाही, घरातच राहते, आपल्या ताटात जेवते.

काल साहेबांच्या ऑफिसमधून फोन आला. आवाज गोड. "झालं गेलं विसरू. संघटनेचा राजीनामा दे, गुपचूप, कोणाला कळणार नाही. काही म्हणायची गरज नाही यावेळी. डावी सीट तयार आहे. सोमवारी जळगावला ये. एकटीच ये."

आबा बाजूलाच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. "मी येऊ का संगे?" म्हणाले. मी नको म्हटलं.

हॉलमध्ये ज्यांना ज्यांना उभं केलं होतं, त्या सगळ्यांना मी आज सकाळपासून फोन केले. चोपड्याचा येतो म्हणाला. शिरपूरचा बघतो म्हणाला. एकाने उचललाच नाही. समीर येणार आहे, आणि त्याला मी सांगितलंय की बोलणार मी आहे.

सोमवारी मी गणवेशात जाणार. तीन पट्ट्यांच्या. खोलीत गेल्यावर कोणी दार लावायला उठलं तर मी सांगणार, दार उघडं राहू द्या. नाहीच ऐकलं तर उठून बाहेर येणार आणि बाहेर उभी राहून बोलणार. डावी सीट मला हवी आहे. खूप हवी आहे, ती नको झाली असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिच्यावर बसेन तर संघटनेची सभासद म्हणून बसेन. आणि बसू दिलं नाही, तर जमिनीवर राहून पुढच्या प्रत्येक पोराला, पोरीला त्या खोलीच्या दाराबाहेर गाठेन आणि सांगेन की आत एकटं जाऊ नकोस.